चौथी कुपी

"आता तुम्हीच बघा, काकू," असे म्हणून मोहना स्टुलावरून उठली. चारुलताबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मायक्रोस्कोपला डोळे लावले. खरे तर बघायची गरजच नव्हती. बाटलीतले गुलाबी द्रव गढूळ झालेले दारातूनच दिसत होते. तरी त्यांनी बघितले, कारण न बघता बोलायचे नाही हा त्यांचा जुना नेम. लांबट, निमुळत्या पेशी मासळीच्या पिलांसारख्या एका दिशेला तोंड करून दिसायला हव्या होत्या. त्या आखडून गोळा झाल्या होत्या, आणि त्यांच्यावरून पिंजलेल्या कापसासारखे तंतू आडवेतिडवे पसरले होते.

"बुरशी," त्या म्हणाल्या.

"परत."

"परत."

मागून कुशल डोकावला. तो मोहनाच्याच बरोबरीचा, शेजारच्या टेबलावर स्वतःचे काम करणारा. "बुरशीचं औषध घालून बघू या का? थोड्या तरी पेशी वाचतील."

"लोणचं आहे का ते, वरचा थर काढून खालचं वाढायला?" चारुलताबाई कडाडल्या. "आणि तू आधी तो फोन खिशात घाल. त्याच फोनवर सकाळी सेवउसळ खाताना बोटं फिरवलीस ना?"

"सोगन खाऊन सांगतो काकू, हात धुतलेत."

"फोन धुतलास?"

कुशलने फोन खिशात घातला. मोहनाने बाटली उचलली, ब्लीच ओतून ती मारून टाकली, आणि वहीत तारीख घालून लिहिले: तिसरी कुपी, गेली.

तिचे काम समजायला चारुलताबाईंना पहिले आठ दिवस लागले होते. बाळंतपणानंतर जी नाळ कचऱ्यात जाते, ती आईच्या संमतीने आणायची. तिच्यातून मूळपेशी वेगळ्या काढायच्या, बाटलीत वाढवायच्या. मधुमेही माणसाच्या पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही, ती भरून यावी म्हणून हा सगळा खटाटोप. पण गंमत अशी की पेशी जखमेवर घालायच्याच नाहीत. पेशी दोन दिवस ज्या द्रवात राहतात, त्यात त्या जे काही सोडतात ते गाळून घ्यायचे. औषध व्हायचे तर त्याचे.

"म्हणजे त्यांचा घाम?" चारुलताबाईंनी विचारले होते.

"घाम नाही हो काकू, स्राव. त्यात निरोप असतात. शेजारच्या पेशींना सांगतात, उठा, सरका, जागा भरा."

तो स्राव एकाच बाईच्या नाळेतून हवा होता, कारण निम्मी निरीक्षणे त्याच पेशींवर झाली होती. तिच्या पेशींच्या चार कुप्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेल्या. पहिली दिवाळीच्या सुट्टीत पेशींना लागणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर संपल्याने गेली. दुसरी डिसेंबरात बुरशीने गेली, आणि आज, जानेवारीच्या दोन तारखेला, तिसरी. उरली एक. मोहनाची शिष्यवृत्ती मार्चअखेर संपत होती. तिचे वडील आयुष्यभर बडोद्याच्या रिफायनरीत नोकरी केलेले व्यवहारी गृहस्थ. त्यांनी करजणच्या औषध कारखान्यात तपासणी विभागातली जागा बघून ठेवली होती, कारखान्याची बस सुभानपुऱ्याच्या नाक्यावरून निघते हेसुद्धा बघितले होते. चौथी कुपी गेली की पाच वर्षांचे काम अर्धे राहणार आणि मोहना त्या बसमध्ये बसणार, एवढा सरळ हिशेब होता.

"सोळा तारखेला मुलाखत आहे," मोहना हातमोजे काढत म्हणाली. "पप्पांना काय सांगू?"

"अजून काही सांगू नकोस," चारुलताबाई म्हणाल्या. "आणि ती चौथी मी सांगेपर्यंत बाहेर काढायची नाही."

चारुलताबाईंचे वय एकाहत्तर. पस्तीस वर्षे त्यांनी फत्तेगंजला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ऊतींचे काप काढले होते. मेणात बसवलेला यकृताचा तुकडा मायक्रोटोमच्या सुरीवर लावायचा, चाक फिरवायचे, की पापुद्र्यासारखे काप एकाला एक जोडून रिबिनीसारखे निघायचे. कोमट पाण्यावर ती रिबीन सोडून काचेवर झेलायची. सुरीला धार त्या स्वतः चामड्यावर लावायच्या. तेव्हा एक माणूस एक काम वीस वर्षे करायचा आणि त्या कामाचा वास त्याच्या कपड्यांना यायचा. त्यांच्या साड्यांना फॉर्मॅलिनचा यायचा. घडियाळी पोळातल्या माहेरी गेल्या की आई म्हणायची, आधी न्हाणीघरात जा.

सौमित्र तेव्हा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी. त्याच सुरीवर अंगठा कापून घेऊन भोवळ येऊन पडलेला. तो आता गोरव्याच्या या संशोधन केंद्राचा प्रमुख झाला होता. डिसेंबरची कुपी गेल्यावर त्याने बाईंना फोन केला. "बाई, मुलं हुशार आहेत, पण हाताला शिस्त नाही. आठवड्यातून तीन दिवस या, फक्त नजर ठेवा." चारुलताबाई आल्या. नजर ठेवली. आणि त्यांच्या नाकावर टिच्चून तिसरीही गेली, हे त्यांच्या अगदी जिव्हारी लागले होते.

त्या संध्याकाळी सौमित्रच्या खोलीत त्या तावातावाने बोलत होत्या. "मुलीचा हात स्वच्छ आहे. मी तिच्या मागे उभी राहून बघितलंय. टोपी, मोजे, स्पिरिट, सगळं यथासांग. आणि तो कुशल, फोन घेऊन नाचतो, त्याच्या पेशी ठणठणीत! त्याच खोलीत, त्याच गाळीव हवेच्या हुडाखाली! हा कुठला न्याय?"

"तिचा इन्क्युबेटर वेगळा आहे ना, बाई."

"इन्क्युबेटर परवाच पुसला. लक्ष्मणने माझ्यासमोर पुसला."

लक्ष्मण दारातच चहा घेऊन उभा होता. तोही फत्तेगंजचाच. बाईंच्या प्रयोगशाळेत शिपाई होता, निवृत्त झाल्यावर सौमित्रने त्याला इथे आणला. भांडी धुणे, ती वाफेवर निर्जंतुक करणे, पाणी भरणे ही त्याची कामे. त्याने कप ठेवला आणि हळूच विचारले, "मोहनाबेनचं परत बिघडलं?"

"बिघडलं, लक्ष्मण."

त्याचा चेहरा एवढासा झाला. "काय तरी करायला पाहिजे, बाई," तो म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी चारुलताबाईंनी आगर घातलेल्या सात बश्या मागवल्या. हवेत जे काही तरंगत असते ते उघड्या बशीत पडते आणि तीन दिवसांत डोके वर काढते. एक हुडाखाली ठेवली, एक एसीच्या तोंडाशी, एक दारापाशी, एक कुशलच्या टेबलावर, तिथे जरा हावरटपणाने दोन. दोन्ही इन्क्युबेटरमध्ये एकेक. मुलांना बजावले, की कोणी हात लावला तर बोटे छाटीन.

"काकू, माझ्याकडे दोन का?" कुशलने विचारले.

"तू लाडका म्हणून."

तीन दिवसांनी त्यांनी बश्या ओळीने मांडल्या. एसीची जवळजवळ कोरी. हुडाची कोरी करकरीत. कुशलच्या दोन बश्यांत मिळून एक पिवळा ठिपका. कुशलने तो ठिपका सगळ्यांना फिरवून दाखवला, पोटाशी धरून फोटो काढला. मोहनाच्या इन्क्युबेटरमधली बशी मात्र झाकण उघडायच्या आधीच काळी-हिरवी-पांढरी, गोधडीसारखी भरून आली होती.

"सॉरी म्हणा काकू," कुशल म्हणाला.

"सेवउसळ खा, पण बाहेर. एवढंच म्हणेन."

त्यांनी इन्क्युबेटर उघडला. आत ऊब राहावी तशी ओलही राहावी म्हणून तळाशी पाण्याचा पसरट स्टीलचा ट्रे असतो. त्यात वाफेवर निर्जंतुक केलेले शुद्ध पाणीच घालायचे, दर सोमवारी बदलायचे, आणि बदलले की दारावरच्या कागदावर सही करायची. कागदावर दर सोमवारी लक्ष्मणची वळणदार सही होती. चारुलताबाईंनी ट्रे दोन्ही हातांनी बाहेर ओढला आणि खिडकीशी नेला. पाणी वरून स्वच्छ दिसत होते. त्यांनी ट्रे किंचित तिरका केला. पाण्याबरोबर तळाशी काहीतरी सरकले. बारीक, करडे, मध्येच चमकणारे. त्यांनी मोज्यातल्या बोटाने चाचपून बघितले.

वाळू.

शुद्ध पाण्यात वाळू येत नाही. ती नळाच्याही पाण्यात येत नाही. पण अशी चमकणारी वाळू चारुलताबाईंनी पाहिली होती. वडिलांचे, आईचे, नवऱ्याचे, सगळ्यांचे दिवस त्यांनी नर्मदेकाठी चांदोदला जाऊन केले होते, आणि दरवेळी घरी आल्यावर तांब्याच्या तळाशी हीच वाळू राहिलेली असायची.

ट्रे तसाच ठेवून त्या धुण्याच्या खोलीत गेल्या. लक्ष्मण बाटल्या विसळत होता.

"लक्ष्मण, पौर्णिमेला चांदोदला जातोस का रे अजून?"

"जातो ने बाई. चुकवत नाही."

"येताना पाणी आणतोस?"

"आणतो."

"कुठे आहे?"

त्याने भोळेपणाने सिंकखालचे कपाट उघडले. आत पाच लिटरचा कॅन, फडक्यात गुंडाळलेला. वर झेंडूची वाळकी माळसुद्धा. चारुलताबाईंनी भिंतीला हात टेकला.

"हे तू ट्रेमध्ये घालतोस."

"थोडं बाई. जास्त नाही."

"कधीपासून?"

"दिवाळीनंतर. सिलिंडर संपला आणि मोहनाबेनच्या पेशी गेल्या ने, तेव्हा पोरगी इथे या नळाशी येऊन रडली. मला बघवेना. तीच सांगायची ने, नाळेच्या पेशी आहेत, आईच्या पोटात असतं तसं ऊबदार, ओलं ठेवावं लागतं. म्हटलं, मग मैयाचंच पाणी असू दे. एक चमचा घातला."

"एक चमचा."

"हां. मग डिसेंबरमध्ये परत बिघडलं. मला वाटलं, चमच्याने काय होतंय. तांब्याभर घातलं."

"आणि तिसरी कुपी बाहेर काढली तेव्हा?"

लक्ष्मणने मान खाली घातली. "अर्धा ट्रे."

"आणि परवा बुरशी आली, मी 'बिघडलं' म्हणून सांगितलं, त्यानंतर?"

"आता काल पूर्ण मैयाचंच भरलं. म्हटलं, कसर नको."

चारुलताबाई तिथल्या उलट्या बादलीवर बसल्या. औषधानेच आजार वाढावा आणि वैद्याने दुप्पट औषध द्यावे, तशातली गत. पण रागवायचे कुणावर, ते काही केल्या ठरेना.

"कुशलच्या ट्रेमध्ये घातलंस?"

"नाही."

"का नाही?"

"कुशलभाई रडले नाहीत."

"अरे देवा! लक्ष्मण, इतकी वर्षं प्रयोगशाळेत काढलीस! नदीचं पाणी! त्यात गुरं उतरतात, माणसं आंघोळ करतात, आपण राख सोडतो! कुणी शिकवलं तुला यंत्रात तीर्थ घालायला?"

लक्ष्मणने फडके पिळले, वाळत घातले आणि त्यांच्याकडे सरळ बघितले. "तुम्हीच ने बाई."

"मी?"

"खंडेनवमीला. मायक्रोटोमला तुम्ही हळदकुंकू लावायच्या. मी झेंडू आणायचो. मग तुम्ही म्हणायच्या, लक्ष्मण, ते चांदोदचं पाणी शिंपड, म्हणजे सुरी वर्षभर दगा द्यायची नाही. सत्तावीस वर्षं शिंपडलं. दिली का कधी दगा?"

खरे होते. चारुलताबाईंना तो दिवससुद्धा डोळ्यांसमोर दिसला. सुरीच्या पात्यावर कुंकवाचे बोट, पेढ्यांचा खोका, खिडकीतून येणारे आश्विनातले ऊन, आणि तांब्यातून चुळकाभर पाणी घेऊन शिंपडणारा तरुण लक्ष्मण. पण तिथे सगळे मेलेले होते. फॉर्मॅलिनमध्ये मुरलेले, मेणात बसवलेले. त्यावर नर्मदाच काय, गटार शिंपडले असते तरी काही उगवले नसते. इथे तापमान अंगाइतके, खायला साखर, प्यायला द्रव. जे येईल ते वाढणार. हा फरक त्याला कुणी सांगितला होता? यादी दिली होती, सही करायला कागद दिला होता. का, ते कुणी सांगितले नव्हते. त्यांनीसुद्धा नाही.

"चल," त्या उठत म्हणाल्या. "मोहनाला तूच सांगायचं. मी सांगणार नाही."

लक्ष्मणने सांगितले. हात जोडून, चमच्यापासून पूर्ण ट्रेपर्यंत, काही न गाळता. मोहना ऐकत राहिली. सौमित्र आपल्या खोलीतून आला, त्याने शेवटचे वाक्य ऐकले आणि त्याचा चेहरा लाल झाला.

"उद्यापासून येऊ नकोस," तो लक्ष्मणला म्हणाला. "मुलीची पाच वर्षं आहेत ही!"

"थांब रे," चारुलताबाई म्हणाल्या. "त्याला काढलंस तर नवा माणूस येईल. तो कशात काय घालील ते शोधायला मला आणखी तीन महिने लागतील. याचं निदान कळलंय तरी."

"बाई, ही चेष्टा नाही."

"मी चेष्टा करते असं वाटतं का माझ्या तोंडाकडे बघून? काढायचं तर मलाही काढ. शिंपडायची सवय मी लावलीय त्याला. पण आधी मुलीला विचार."

सगळे मोहनाकडे बघू लागले. तिचे डोळे भरून आले होते.

"खबरदार रडलीस तर!" चारुलताबाई ओरडल्या. "हा परत काहीतरी घालील!"

मोहनाला हसू फुटले. ते हसू आवरेना, मग त्यातच रडूही आले, आणि लक्ष्मण बिचारा घाबरून एकदा तिच्याकडे, एकदा बाईंकडे बघत राहिला. शेवटी तिने बाहीने नाक पुसले. "लक्ष्मणकाका, इकडे या," ती म्हणाली. ट्रेमधल्या पाण्याचा थेंब तिने काचेवर घेतला, काच मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि त्याला स्टुलावर बसवले. इतकी वर्षे त्याने मायक्रोस्कोप पुसले होते, त्यातून बघितले कधी नव्हते.

तो बराच वेळ बघत होता. "हे हलतंय काय?"

"जीव आहेत. मैयातले."

"एवढे?"

"एका थेंबात."

"म्हणजे पाणी जिवंत आहे!" लक्ष्मणचा चेहरा उजळला.

"हो ना रे बाबा!" चारुलताबाईंनी कपाळावर हात मारला. "म्हणूनच तिथे नको! ते जिवंत आहेत, आणि हिच्या पेशींना खाऊन जिवंत आहेत!"

त्याचा चेहरा पुन्हा उतरला. या खेपेला मात्र त्याला कळल्याचे दिसत होते. त्याने डोळे मायक्रोस्कोपवरून बाजूला केले, पुन्हा लावले. "मी मारल्या," तो हळूच म्हणाला.

"हो," मोहना म्हणाली. तिने खोटे सांगितले नाही, ते चारुलताबाईंना बरे वाटले. "पण एक कुपी आहे. इन्क्युबेटर धुवायला मला माणूस लागेल. राहाल?"

पुढचे दोन दिवस लक्ष्मणने इन्क्युबेटरची फळी न् फळी काढून, घासून, वाफेवर शेकून परत बसवली. प्रत्येक वस्तूला तो आता विचारत होता, याच्यात काय वाढतं? हे कशाने मरतं? कुशल वैतागून म्हणाला, "काकू, याने पीएच.डी.ला नाव घातलंय का?" ट्रेमध्ये निर्जंतुक पाणी आणि तांब्याचा क्षार घातला. तांबे बुरशीला वाढू देत नाही. ते ऐकून लक्ष्मण म्हणाला, "मग तांब्याचाच तांब्या वापरायला हवा होता मी." चारुलताबाईंनी डोळे मिटून घेतले.

रिकाम्या इन्क्युबेटरमधली बशी तीन दिवस कोरी राहिली, तेव्हा बाईंनी होकार दिला. चौथी कुपी निघाली. मोहनाने ती कोमट पाण्यात हलवली.

मुलाखत सोळा तारखेची, आणि स्राव गोळा करायचा तोही त्याच दिवशी. चौदाला उत्तरायण. सारे बडोदे पतंग उडवायला गच्च्यांवर चढलेले, केंद्राला दोन दिवस सुट्टी, चौकीदारसुद्धा मान वर करून बसलेला. पेशींना सुट्टी कळत नव्हती. त्यांचे पोषणद्रव त्याच दिवशी बदलायचे होते. चारुलताबाई रिक्षाने आल्या, गळ्याला मांजा लागू नये म्हणून मफलर गुंडाळून, रिक्षावाल्याशी भांडत. आत आल्या तर मोहना मायक्रोस्कोपला चिकटलेली आणि लक्ष्मण दाराबाहेर फरशीवर बसलेला.

"तू कशाला आलास? सुट्टी आहे."

"आत नाही गेलो, बाई. नुसता बसलोय."

बाईंनी आत जाऊन बघितले. निमुळत्या पेशी बाटलीभर, एका दिशेला तोंड करून, वळणावळणाने दाटून बसल्या होत्या. मध्ये काही नव्हते. एक तंतू नाही, एक ठिपका नाही. बाहेर कुठल्याशा गच्चीवर "काप्यो छे!" असा गजर झाला, थाळ्या वाजल्या.

"सोळाला सकाळी काढते," मोहना म्हणाली.

सोळाला सकाळी नऊ वाजता तिने द्रव गाळून घेतले. जेमतेम दोनशे मिलिलिटर. त्यातले थोडे तिने त्वचेच्या पेशींच्या थरावर घातले. त्या थरावर आधीच तिने टोकदार नळीने रेघ ओढून जखम केली होती. आता ती भरते की नाही ते बघायचे. दहाला वडिलांचा फोन आला. बस नाक्यावर उभी आहे, असे ते म्हणत होते. पलीकडचा आवाज चारुलताबाईंना चार हातांवरून ऐकू येत होता.

"पप्पा, मी बसमध्ये नाही बसत," मोहना म्हणाली. "नाही, भांडत नाही. उद्यापर्यंत मला रेघ बघायचीय."

दुसऱ्या दिवशी रेघ दोन्ही काठांनी सरकून इतकी अरुंद झाली होती की चारुलताबाईंना ती कुठे होती तेच आधी सापडेना. साध्या द्रवातली शेजारची रेघ तशीच उघडी, रुंद होती. त्यांनी दोनदा बघितले. तिसऱ्यांदा बघायला गेल्या तेव्हा काच धूसर झाली होती, म्हणून त्यांनी चष्मा पुसला आणि उगाचच कुशलवर ओरडल्या.

मागे वळल्या तर दारात लक्ष्मण. नवा सदरा, हातात पेढ्यांचा खोका, आणि एक पाय उंबरठ्याच्या आत.

"बाहेर!" चारुलताबाई गरजल्या. "पेढा बाहेर! दूध आहे ते, खवा आहे! काय शिकवलं तुला इतके दिवस?"

लक्ष्मणने पाय झटकन मागे घेतला. दार लागले. मग दाराच्या काचेपलीकडे त्याने खोका उघडला, एक पेढा तळहातावर घेऊन काचेला टेकवला, बरोबर मोहनाच्या इन्क्युबेटरच्या दिशेने, आणि दुसऱ्या हाताने त्याच्याभोवती कोरडेच, पाण्याशिवाय, बोट फिरवले.

"आता याला काय म्हणायचं?" कुशलने विचारले.

चारुलताबाईंनी तोंड उघडले. मग काचेकडे नीट बघितले. काच जाड होती, रबराची पट्टी नीट बसली होती, हवा आत यायला कुठे फट नव्हती.

"चालेल," त्या म्हणाल्या. "काच मात्र नंतर त्यालाच पुसायला सांग."